सारथी वळणावर थांबतो

४ ऑगस्ट, सोमवार

कामाच्या गोष्टी ऑफिसच्या संगणकात लिहायच्या असतात. पण तिथलं सगळेच वाचतात, आणि आजचं तिथे लिहिलं तर शेजारच्या टेबलावरचा वादिराज महिनाभर माझी खेचेल. म्हणून ही वही.

आमची कंपनी कोरमंगलात, खाली हॉटेल आणि वर आम्ही. सकाळी साडेअकरापासून सांबाराच्या वासात काम करायचं. गाड्यांच्या शर्यतीचे खेळ बनवतो. यंदाचं गिऱ्हाईक जपानी आहे. त्यांनी तिकडच्या एका डोंगरातल्या घाटाचं दगडन्‌दगड मोजमाप पाठवलंय. तिथली तरणी पोरं या घाटात गाड्या घेऊन जमतात आणि वळणावर गाडी आडवी घसरवत खाली उतरतात. त्यांना आवरायला सरकारने वळणावळणावर रस्त्याला आडवे उंचवटे काढलेत, तरी पोरं ऐकत नाहीत. घाटाचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, आम्ही नुसतं घाट म्हणतो. जपानातही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात म्हणून काम आपल्याला मिळालं, असं साहेब सांगतात. स्वस्तात होतं हे सांगायला लाजतात.

खेळणाऱ्याला हरवायला एक गाडी लागते, आपली आपण चालणारी. तिला आम्ही सारथी म्हणतो. सारथी माणसाचं चालवणं बघून शिकतो. त्यासाठी रिग आहे: दोन सीटा, खरं स्टिअरिंग, खरे पेडल, समोर तीन पडदे, आणि रस्ता हलेल तसा खालून हलणारा सांगाडा. त्यात बसून मी जूनचा शेवट आणि सगळा जुलै घाट उतरत होतो. म्हणजे सारथीचा मास्तर मी.

आज त्याची पहिली परीक्षा. डबे खाऊन सगळे रिगभोवती जमले. रिकाम्या सीटसमोर स्टिअरिंग आपोआप फिरायला लागलं की कितीही माहीत असलं तरी मी एक पाऊल मागे सरकतोच. शर्यतीची गाडी निघाली ती डोक्यावर दुधाची घागर घेतल्यासारखी. प्रत्येक उंचवट्याआधी वेग कमी, डावी चाकं अलगद कडेने. मधल्या एका वळणावर, जिथे गवत आहे आणि गवतात लाल फडकं गुंडाळलेला हातभर दगडी देव आहे, तिथे डावीकडे घेऊन चक्क उभी राहिली. आम्ही सगळे रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे. बऱ्याच वेळाने निघाली आणि मग सुटली ती पिसाळल्यासारखी, कठड्याला घासत, कुठेही ब्रेक नाही, शेवटी दरीत.

संहिता आमच्याकडे खेळ तपासते. ती म्हणाली, आजीला घरी सोडलं आणि मग पोरगा सुटला. सगळे हसले, मीही हसलो.

७ ऑगस्ट, गुरुवार

सारथीचं तेच चाललंय. वर सांभाळून, वळणावर थांबा, खाली वेड्यासारखा.

आज आणखी एक. रिगच्या डाव्या सीटखाली वजन ओळखणारा सेन्सर आहे. कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की समोर लाल दिवा लागतो, खऱ्या गाडीत लागतो तसा. एखाद्याने डबा ठेवला तरी लागतो. आज सीटवर कुणी नव्हतं, डबाही नव्हता, आणि सारथी निघाल्यापासून दिवा लागलेला. गाडी वळणावर थांबली तशी तो विझला.

वादिराज उडुपीचा. घरी सोवळंओवळं, पण ऑफिसात आधी वायर आणि मग देव, असा माणूस. त्याने सीट उघडली, वायर नवी टाकली, सेन्सर बदलला. जेवणानंतर पुन्हा चालवून बघितलं. दिवा लागला, वळणावर विझला. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं. वादिराज माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, “उपेंद्र, कोई उतरा क्या?”

मी म्हटलं, लूज कनेक्शन आहे. त्याच्या हातात जुनी वायर होती.

मला असल्या गोष्टींची भीती नाही. नागपूरला आम्ही स्मशानघाटामागच्या मैदानावर क्रिकेट खेळायचो, चेंडू आत गेला की आणायला मीच जायचो. फक्त एक आहे, ती रिग आता मी बंद करून ठेवतो. स्टिअरिंग हलत नसलं तरी माझी नजर तिकडे जाते.

११ ऑगस्ट, सोमवार

माझी बायको गौरी आजही घरूनच काम करत होती. व्हाइटफील्डला जायला तिला दोन तास लागतात, त्यामुळे तिच्या ऑफिसात कुणी विचारत नाही. जूनमधल्या त्या प्रकारानंतर मी आठवड्याच्या आत कामावर गेलो. दोघांनीही हातपाय गाळून कसं चालेल? एकाने तरी ताठ उभं राहायला हवं, नाही तर घर बसतं.

संध्याकाळी आप्पाजी वर आले. आमचे घरमालक. जे. पी. नगरात त्यांचं तीन पिढ्यांचं मराठी घर, मराठी अजून शाबूत आहे पण अर्धी कानडी मिसळलेली. गणपतीच्या मूर्तीची ऑर्डर द्यायची होती, आमचीही सांगू का म्हणून विचारायला आले होते. मी म्हटलं, यंदा नको वाटतंय. तर म्हणाले, “अरे, सुतक नाही त्याला. श्वासच घेतला नाही त्याचं कसलं सुतक? स्वल्प मन घट्ट कर आणि बसव.”

शास्त्र त्यांना ठाऊक आहे. सहाव्या महिन्यात गेलेल्याला सुतक नाही, दहावं-बारावं नाही, नाव नाही. अग्नीसुद्धा देत नाहीत, पुरतात. मला ते बरंच वाटलं होतं. कमी गोष्टी करायच्या होत्या.

गौरी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला कणीक होती. म्हणाली, “आप्पाजी, तुम्ही कुठे ठेवलंत?”

आप्पाजींनी माझ्याकडे बघितलं. मग तिला अगदी मायेने म्हणाले, “ते आईला सांगत नसतात अम्मा. सांगितलं की पाय तिकडेच ओढतात. पुढचं मूल राहत नाही.”

ती आत गेली. पोळ्या झाल्या, आम्ही जेवलो. तिने मला याआधीही विचारलंय, मी प्रत्येक वेळी विषय बदललाय. तिच्या भल्यासाठीच. जाणती माणसं सांगतात त्यात काही तरी असेल. तिला जागा कळली तर ती जाऊन बसेल तिथे, मी ओळखतो तिला.

त्या दिवशी ती दवाखान्यात झोपेच्या औषधावर होती. मी गाडी चालवली, डावीकडे आप्पाजी बसले, मांडीवर पांढऱ्या कापडातलं ते. कनकपुरा रस्त्याने पुढे जाऊन आत वळलं की टेकडीच्या कडेला त्यांच्या मेव्हण्याची जमीन आहे. रस्ता भलता खराब. बाकी लिहिण्यासारखं काही नाही.

सारथीचा तो दिवा का लागतो याचं कारण उद्या शोधायलाच हवं.

१४ ऑगस्ट, गुरुवार

कारण सापडलं असं सकाळी वाटलं. वादिराज म्हणाला, दोष मास्तरचा असेल. तू चालवतानाच काहीतरी विचित्र करत असशील, पोरगं तेच शिकलं. मी म्हटलं, काहीतरीच काय, मी शर्यतीसारखाच चालवला. त्याने माझं एक चालवणं पडद्यावर लावायला घेतलं. मी नको म्हटलं. वेळ जातो, सरळ पुसून टाक. त्याने माझं सगळं शिकवणं पुसलं. संहिताला रिगमध्ये बसवलं. संहिता पूर्ण बेदरकार, ती खऱ्या रस्त्यावर स्कूटर चालवते तेव्हा मी डोळे मिटतो. तिच्या हाताखाली सारथी नव्याने शिकला.

तीन वाजता चालवला. निघाला तो जोरात, संहितासारखा, मला सुटल्यासारखं वाटलं. दुसऱ्या वळणानंतर वेग उतरायला लागला. उंचवट्यांना डावी चाकं कडेने. दिवा लागला. दगडी देवापाशी डावीकडे घेऊन उभा. दिवा विझला.

संहिता आज हसली नाही. मी यात बसणार नाही म्हणाली आणि पर्स उचलून गेली.

खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी हायसं वाटलं. म्हणजे माझं काही नव्हतं त्यात.

घरी येताना सिल्क बोर्डच्या चौकात नेहमीसारखी गर्दी. आमच्या गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. तिथे ब्रेक मारला तेव्हा माझा डावा हात बाजूच्या रिकाम्या सीटवर गेला, काही तरी धरायला गेल्यासारखा. सवय. कसली कोण जाणे, बॅग तर मागे असते.

१८ ऑगस्ट, सोमवार

जपानच्या लोकांशी बोलणं झालं. आओकी म्हणून बाई आहेत, त्याच भागातल्या, त्यांचा भाऊ एकेकाळी या घाटात शर्यती करायचा. लपवण्यात अर्थ नव्हता. साहेबांनी सारथीचं चित्रण दाखवलं आणि माफी मागितली, आठवड्यात दुरुस्त करतो म्हणाले.

आओकीबाईंनी ते वळण पुन्हा दाखवायला सांगितलं. मग त्यांनी विचारलं, इथे थांबतात हे तुम्हाला कुणी सांगितलं?

कुणी नाही, आम्ही म्हणालो. त्या म्हणाल्या की त्या वळणावर शर्यतीतली पोरंसुद्धा ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतात. हरत असली तरी. कुणाला कारण विचारलं तर सांगत नाहीत, भावानेही सांगितलं नव्हतं. मग म्हणाल्या, हे काढू नका, राहू द्या.

साहेब खूश, दुरुस्तीचा खर्च वाचला. वादिराजने बसल्या जागी छातीला हात लावून नमस्कार केला. मी त्याला चिडवणार होतो, पण माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो दिसू नये म्हणून मी पाणी प्यायला उठलो.

हे गौरीला जेवताना सांगितलं. बोलायला काही नसतं हल्ली, म्हणून. ती घास हातात धरून ऐकत राहिली. एवढं लक्ष देऊन तिने माझं कित्येक दिवसांत ऐकलं नव्हतं. कुठल्या बाजूला थांबतो, तिने विचारलं. डावीकडे. थांबतो तेव्हा काय करतो? काही नाही, म्हटलं, नुसता उभा राहतो.

२१ ऑगस्ट, गुरुवार

गौरी नाशिकला आईकडे जातेय, तीस तारखेला. किती दिवस, म्हटलं. माहीत नाही म्हणाली. परतीचं काढलेलं नाही. सामान बघितलं तर हिवाळ्याचे कपडेही आहेत.

मी म्हटलं, बदल हवाच तुला. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी टीव्ही लावला.

मला भीती वाटतेय. इथे लिहायला हरकत नाही. सारथीची वाटते त्याहून जास्त.

२३ ऑगस्ट, शनिवार

आजचं लगेच लिहून ठेवतो.

सकाळी गौरी म्हणाली, जायच्या आधी तुझा तो सारथी दाखव. शनिवारी ऑफिसात कुणी नसतं. राखणदाराला सांगून वर गेलो. खालच्या हॉटेलात इडलीपात्रांचे आवाज चालले होते. मी पडदे लावले, रिग सुरू केली. ती पट्टा न लावता डाव्या सीटवर बसली. मी उजवीकडे उभा राहिलो, चालवायचं नव्हतंच काही. दिवा लागला. आज पहिल्यांदा त्याला कारण होतं.

सारथी निघाला. गौरीने वरचा दांडा धरला. पहिला उंचवटा आला, वेग उतरला, डावी बाजू अलगद वर आली आणि अलगद खाली. दुसरा. तिसरा. स्टिअरिंग बारीक बारीक हलत होतं, कुणाचा हात दिसत नव्हता. गौरीने दांडा सोडला आणि मांडीवर हात ठेवले.

“हे तू चालवतोयस,” ती म्हणाली.

मी सांगितलं, माझं सगळं पुसलंय, हे संहिताचं आहे. ती म्हणाली, “तू मला चेकअपला असंच न्यायचास. खड्डा आला की आधी हात पुढे करायचास माझ्या. मी ओळखणार नाही का?”

असा हात करायचो हे मलाच आठवत नव्हतं.

गाडी त्या वळणावर आली, डावीकडे झाली आणि थांबली. पडद्यावर गवत हलत होतं, वारा आम्हीच घातलेला. गौरी पुढे वाकून बघत होती. म्हणाली, “लाळेरं बांधलंय कुणीतरी त्याच्या गळ्यात.”

दोन महिने मी ते चित्र रोज बघतोय. मला ते फडकं वाटत होतं.

ती माझ्याकडे वळली. अजिबात चढ्या आवाजात नाही, रस्ता विचारावा तसं तिने विचारलं, “उपेंद्र, तिथेही असंच वळण आहे?”

तेवढ्यात दिवा विझला. गौरी सीटवर बसलेली होती, जागची हललीसुद्धा नव्हती, आणि दिवा विझला. आम्ही दोघांनी तो विझताना बघितला.

मी हो म्हणालो. टेकडीचं वळण आहे, डावीकडे गवत आहे, आप्पाजी उतरले आणि मी इंजिन चालू ठेवून बसलो होतो. आप्पाजी नेताना म्हणाले, हळू घे रे, धक्का बसतोय. कुणाला बसतोय ते आम्ही दोघंही बोललो नाही, पण मी हळू घेतली. आणि येताना जोरात आलो, इतका की आप्पाजींनी दोनदा माझा खांदा धरला. हे सगळं मी एका दमात बोललो.

मी बोलणं संपवलं तरी सारथी वळणावरून निघाला नव्हता. रोज निघतो. आज उभाच होता. आम्ही वाट बघितली आणि मग मी वीज बंद केली.

खाली हॉटेलात तिने दोन कॉफ्या सांगितल्या. उद्या जायचं, म्हणाली. मी म्हटलं, आप्पाजींना विचारून... ती म्हणाली, “नाही. तू ने.”

२४ ऑगस्ट, रविवार

आप्पाजी अंगणात फुलं काढत होते. कुठे निघालात विचारलं नाही. गाडीकडे बघितलं, गौरीकडे बघितलं आणि परडी घेऊन आत गेले.

शहर संपल्यावर मी हळू चालवायला लागलो. मुद्दाम नाही, पायच तसा पडत होता. या वेळी माझ्या लक्षात आलं. गौरीच्याही आलं असणार, ती खिडकीबाहेर बघत राहिली. वळण आलं, मी डावीकडे घेतलं आणि इंजिन बंद केलं.

पावसाने गवत कमरेएवढं झालंय. दगड नाही, खूण नाही, काही नाही. गौरीने चपला काढल्या आणि माझ्याकडे बघत थांबली, मी दाखवीन म्हणून. आणि मला कळलं की मी दाखवू शकत नाही. मी उतरलोच नव्हतो त्या दिवशी. मेव्हण्यांच्या माणसाने खणलं, आप्पाजी उभे राहिले आणि मी समोरच्या काचेतून रस्ता बघत होतो. मागे वळून बघितलं नाही. तिच्यापासून जी जागा मी इतके दिवस लपवली ती मलाच माहीत नव्हती.

मी तसं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं, चिडायला हवंच होतं. ती म्हणाली, “बरं. मग इथेच बसू,” आणि गवत बाजूला करून बसली. मी शेजारी बसलो. गवत ओलं होतं. वर टेकडीच्या रस्त्यावरून बुलेटवाल्यांचा एक जथा मोठ्या आवाजात गेला. आमच्या वळणाशी आल्यावर एकेकाचा आवाज खाली आला आणि पुढे जाऊन पुन्हा चढला. वळण आहे, त्यामुळे असेल.

बऱ्याच वेळाने गौरीने विचारलं, “काय होतं, ते तू कुणाला विचारलंस?”

नाही, म्हटलं. दवाखान्यात कागदावर असेल, मी सही केली, वाचलं नाही. घरी कुणी बोललं नाही, मीही सगळीकडे ‘ते’ म्हणत आलो. या वहीतही तेच लिहिलंय, मागे जाऊन बघितलं.

“मुलगी,” गौरी म्हणाली. “औषध द्यायच्या आधी नर्सने दाखवली मला. थोडा वेळ हातात दिली. कान तुझ्यासारखे होते, वरून दुमडलेले.”

मी माझ्या कानाला हात लावला. मग मला आवरेना. मी एवढा मोठा माणूस रस्त्याच्या कडेला बसून मोठ्याने रडलो आणि गौरीने माझ्या पाठीवर हात ठेवला. थांबल्यावर मी तिला म्हटलं, अजून सांग, सगळं सांग, केस होते का, रंग कसा होता. ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिलो.